दिव्याला आधार हवा, आघात नको

कार्तिक महिन्याचा अधिदेव दामोदर. ‘दाम’ म्हणजे दावे. दाव्याने ज्याचे उदर बांधले गेले तो दामोदर. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा आपल्याकडील आबालवृद्धांस ठाऊक आहे. यशोदामाता खोडकर बाळकृष्णाला उखळाशी बांधू पाहते आणि दावे दोन बोटे अपुरे पडते. ती दुसरे दावे जोडते, तरी पुन्हा दोनच बोटे अपुरे! घरातील सारी दावी संपली, माता घामाघूम झाली, तेव्हा तिचे श्रम पाहून त्या जगन्नियंत्याने आपण होऊन ते बंधन स्वीकारले. कीर्तनाच्या रंगात ही कथा भक्तीच्या अंगाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु दिव्यांच्या या महिन्याचे दैवत एका बांधण्याच्या क्रियेवरून ओळखले जाते, ही गोष्टही थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. त्या मातेने बांधले ते मऊ दाव्याने, जखम न करता, आणि पुन्हा सोडता येईल असे.

आज दीपावलीत घरोघरी, मंदिरोमंदिरी आणि गल्लोगल्ली विजेच्या दिव्यांच्या माळा बांधल्या जातात. त्या कशाने बांधल्या जातात? खिळ्याने, बांधकामाच्या तारेने, हाताशी सापडेल त्या गंजक्या मोळ्याने. माळ निवडताना आपण दुकानात अर्धा तास घालवितो. रंग पाहतो, लुकलुक पाहतो, भाव करतो. ती माळ धरून ठेवणारी जी चिमुकली वस्तू, म्हणजे क्लिप, चिमटा, हूक किंवा बंध, तिचा विचार मात्र शिडीवर चढल्यावर होतो. विषय क्षुल्लक वाटेल. सणाच्या पानावर क्लिपांची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्या क्षुल्लक वस्तूवाचून सणाच्या दिवशी घरावर अनर्थ ओढवू शकतो, देवळाचा दगड फुटू शकतो आणि दारचे झाड झुरू शकते, तिला क्षुल्लक म्हणणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या व्याकरणशास्त्राने ‘आधार’ या कल्पनेचा फार बारकाईने विचार केला आहे. अधिकरण या कारकाचे लक्षण पाणिनीने ‘आधार’ या शब्दानेच सांगितले. पुढे वैयाकरणांनी या आधाराचे तीन प्रकार मानले. तिळांत तेल असते तो अभिव्यापक आधार. तेथे आधेय वस्तू आधाराच्या कणाकणांत भरून राहिलेली असते. मोक्षाविषयी इच्छा असते तो वैषयिक आधार. आणि चटईवर माणूस बसतो तो औपश्लेषिक आधार. तेथे केवळ स्पर्शाचा संबंध असतो. माणूस उठला की चटई होती तशीच राहते. दिव्याचा आणि भिंतीचा संबंध या तिसऱ्या प्रकारचा असावा. त्याने टेकावे, शोभावे आणि वेळ आली की उठून जावे. खिळा हा संबंध मोडतो. तो भिंतीत घुसतो, लाकडात रुततो, सालीत शिरतो. आधार मागायला आलेला पाहुणा घरालाच भोक पाडून बसतो.

आपल्या पूर्वजांना ही दृष्टी होती, याची साक्ष त्यांच्या बांधकामात आहे. दिवा लावण्याआधी त्यांनी दिव्याची जागा बांधली. भिंतीत कोनाडा ठेवला, तुळशीवृंदावनाला देवळी ठेवली. माजघराच्या तुळईला लोखंडी कडी बसविली आणि तिला साखळीने लामणदिवा टांगला. जेजुरीचा गड चढताना दोन्ही अंगांना ज्या दगडी दीपमाळा दिसतात, त्यांच्या अंगावरचे पुढे आलेले हात पाहावेत. एकेका पणतीसाठी एकेक हात पाथरवटाने मूळ घडणीतच काढून ठेवला आहे. गोव्यात मंगेशीच्या देवळापुढील सात मजली दीपस्तंभातही हीच योजना दिसते. कार्तिकात उंच वेळूवर दोरीने चढविला जाणारा आकाशदिवा घ्या. वाराणसीच्या घाटांवर आजही वेळूच्या टोपल्यांतून असे दिवे कार्तिकभर चढतात. तो दोरीने चढतो आणि दोरीनेच उतरतो. त्रिपुरी पौर्णिमेला शेकडो पणत्यांनी उजळलेली दीपमाळ दुसऱ्या दिवशी पाहिली, तर तेलाच्या डागाखेरीज तिच्यावर काही उरलेले नसते.

विजेची माळ मात्र या जुन्या घरांत नवी सून म्हणून आली. तिच्यासाठी कोनाडा नाही, कडी नाही, हात नाही. ती लवचिक आहे, वाटेल तेथे वळते, म्हणून तिला वाटेल तसे वळविले जाते. येथेच धोक्याचा आरंभ होतो. हल्लीच्या एलईडी माळांविषयी एक गोड गैरसमज आहे की, हे दिवे इतके लहान, इतकी थोडी वीज खाणारे, त्यांच्यापासून अपाय तो काय होणार? एकेक दिवा दोन-तीन व्होल्टवर चालतो हे खरे. परंतु थेट प्लगला लावायच्या माळेत असे पुष्कळ दिवे एकामागून एक ओवलेले असतात आणि भिंतीतून माळेत शिरतो तो घरचा २३० व्होल्टचाच दाब असतो. दिवा लहान असला तरी वीज लहान नसते.

मनुष्यदेहाला अपाय होण्यास किती वीज लागते? साठ वॅटचा जुना गोळा पेटण्यास सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. घरातील वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारे जे यंत्र असते, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतो, ते ३० मिलिअँपिअरला तुटेल असे बसविलेले असते. कारण त्यापुढे हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. म्हणजे एक गोळा पेटतो त्याच्या सुमारे नवव्या हिश्शाइतकी वीजही जीवावर बेतू शकते. तिच्या आणि आपल्या मुलाबाळांच्या हातांमध्ये उभी असते ती तारेवरची प्लास्टिकची पातळ साल. खिळा ठोकताना हातोडी निसटली, बांधकामाची तार पक्कडने पिळताना एक पीळ अधिक बसला, की ती साल फाटते. माळ जर लोखंडी ग्रीलला बांधलेली असेल, तर सगळे ग्रील विजेने भारले जाऊ शकते. त्यात दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस हजेरी लावून जातो. संध्याकाळी ओल्या पायांनी रांगोळी घालणारी लेक किंवा फटाके वाळत घालणारा नातू त्या ग्रीलला हात लावणार नाही, अशी हमी कोण देईल?

दुसरा प्रश्न मंदिरांचा. आमच्या क्षेत्रात जुन्या सभामंडपांना तोटा नाही, आणि जेथे कीर्तनाला उभे राहावे तेथे दृष्टी आपोआप खांबांकडे जाते. कित्येक ठिकाणी कोरीव लाकडी खांबांवर, वेलबुट्टीच्या पानापानांतून, खिळ्यांच्या रांगा दिसतात. दर उत्सवाला नवे खिळे मारले जातात. जुने काढण्यास कोणी येत नाही. लहान खिळ्याला आपल्याकडील सुतार ‘चूक’ म्हणतो. भाषेने येथे मोठीच गंमत केली आहे. देवळाच्या खांबावर पिढ्यानपिढ्यांच्या चुका ठोकलेल्या आहेत आणि त्या तेथेच गंजत आहेत.

दगडाची गोष्ट तर याहून गंभीर. लोखंड गंजले म्हणजे फुगते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. सांध्यात मारलेला खिळा पावसाळ्यामागून पावसाळे फुगत जातो आणि दगडाला आतून रेटत राहतो. खाणीत पाथरवट दगड फोडतो तेव्हा तो काय करतो? ओळीने पाचरी मारतो. रोषणाईसाठी मारलेली खिळ्यांची ओळ ही तशीच पाचरींची ओळ आहे. फरक इतकाच की, पाथरवटाची पाचर एका दिवसात काम करते आणि आपली वीस वर्षांत. दोन-अडीचशे वर्षे ऊनपाऊस सोसलेली शिळा आपल्या पाच दिवसांच्या शोभेपायी तडकावी, हे देवास कसे आवडेल? केंद्राने संरक्षित घोषित केलेल्या स्मारकांना तर १९५८ सालच्या कायद्याने इजा करणे हा गुन्हाच आहे. पण जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे श्रद्धेचा हात पोहोचला पाहिजे.

तिसरा प्रश्न झाडांचा. वड, पिंपळ, औदुंबर यांना आपण प्रदक्षिणा घालतो, सूत गुंडाळतो आणि उत्सव आला की त्यांच्याच बुंध्यात खिळे मारून माळा चढवितो. झाडाचे अन्न वाहून नेणारा जिवंत थर सालीच्या आतच असतो. खिळा तेथे जखम करतो; घट्ट गुंडाळून विसरलेली तार तर फांदी जाड होत गेली की गळफासासारखी रुतते. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे आणि झाडाला इजा करणे हेही त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत येते. पुण्यातील तरुणांनी झाडांतील खिळे उपटून काढण्याची मोहीम चालविली. मुंबईच्या महानगरपालिकेने २०२४ साली झाडांवरील विजेची रोषणाई उतरविण्याचे आदेश दिले. जे आपल्या आजीला कोणी न सांगता कळत होते ते आता आदेश काढून सांगावे लागत आहे. वटपौर्णिमेचे सूत कच्चे का असते, याचा विचार करावा. ते झाडाला बांधत नाही, नुसते कवळते. झाड वाढू लागले की आपोआप तुटते.

मग माळा लावूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. प्रकाश हा या सणाचा प्राण आहे आणि काळाने दिलेले नवे साधन देवाच्या दारी नेण्यास शास्त्राची आडकाठी नाही. आमचे म्हणणे इतकेच की, नव्या दिव्याला साजेसा नवा आधारही त्याच्याबरोबर आणावा. तो आधार दुर्मीळ नाही. विजेच्या माळांचा उगमच मुळी परदेशातील नाताळच्या सणात आहे. तेथे सूचिपर्णी झाडावर पूर्वी खऱ्या मेणबत्त्या लावीत. त्या आधी वितळलेल्या मेणाने व टाचण्यांनी आणि पुढे स्प्रिंगच्या चिमट्यांनी फांदीला बसवीत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन या एडिसनच्या सहकाऱ्याने ८० रंगीत विजेचे दिवे घरातील झाडावर लावले. दिवा बदलला, तरी चिमट्याची गरज उरलीच. आज तेथील दुकानांत कौलाखाली सरकवायच्या, पन्हळीच्या काठाला अडकवायच्या, खिळा न मारता बसणाऱ्या क्लिपा हिवाळ्याआधी मांडलेल्या असतात, आणि त्या देशांत राहणारी आपली मराठी कुटुंबे त्याच क्लिपांनी दिवाळीच्या माळा लावतात. जो नायलॉनचा दातेरी पट्टा आपण ‘केबल टाय’ म्हणून ओळखतो, तो १९५८ साली अमेरिकेत विमानांतील तारांचे जुडगे बांधण्यासाठी निघाला. त्याआधी ते काम मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारून होत असे. विमानाच्या तारांनाही खिळा नव्हे, बंधच लागतो!

आता आपल्या घरापुरता विचार करू. पहिला नियम असा की, भार दोरीने वाहावा आणि वीज तारेने वाहावी. गच्चीच्या दोन टोकांच्या कड्यांना किंवा हुकांना आधी नायलॉनची दोरी ताणून बांधावी आणि तिच्यावर माळ सैलसर सोडावी. मग वाऱ्याचा हिसका दोरी सोसते. तारेला तो लागत नाही. दुसरा नियम असा की, धरायचे ते हातभर अंतराने. एक हात म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. दहा मीटरच्या माळेला अशा बावीस-तेवीस क्लिपा पुरतात. चार ठिकाणी घट्ट आवळण्यापेक्षा बावीस ठिकाणी हलके धरणे केव्हाही चांगले. तिसरा नियम यशोदेच्या दाव्याचा: प्रत्येक दोन क्लिपांमध्ये दोन बोटांची ढील ठेवावी. गोकुळात जी दोन बोटे कमी पडली, ती आपण तारेला जास्त द्यावीत. ताणलेली तार वाऱ्याने खांद्यापाशी तुटते. ढील दिलेली तार झुलते आणि टिकते.

जागेप्रमाणे आधार बदलावा. ग्रीलला आणि कठड्याला कपडे वाळत घालण्याचे प्लास्टिकचे चिमटे उत्तम. ते प्रत्येक घरात आहेतच. केबल टाय वापरावा, पण तो शेवटच्या दातापर्यंत ओढू नये. तार आत किंचित सरकेल इतका सैल ठेवावा. पांढरा टाय उन्हाने लवकर ठिसूळ होतो, उघड्यावर काळा घ्यावा. काढताना तो सुरीने कापू नये, सुरी तारेपर्यंत जाते. नखे कापण्याचे साधे नेलकटर ते काम बिनधोक करते. फरशीला, काचेला व तैलरंगाच्या भिंतीला चिकट पाठीचे हूक चालतात. मात्र जागा आधी पुसून कोरडी करावी आणि हूक चिकटविल्यावर लगेच भार घालू नये. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ते टिकत नाहीत, पापुद्रा घेऊन खाली येतात. तेथे दोरीचाच मार्ग बरा. छज्जाच्या काठाला चाप बसतो. कौलारू घरात पुढच्या रिपेला सुतळी गुंडाळावी आणि तिच्यात माळ अडकवावी. खिळा असलेली जी पांढरी क्लिप बाजारात मिळते, ती कायमच्या वायरिंगसाठी आहे. पाच दिवसांच्या माळेसाठी नाही. तुळशीला आणि देवघराला शक्य तर अडॅप्टरवर चालणारी कमी दाबाची माळ लावावी. त्याहून उत्तम म्हणजे तेथे पणतीच ठेवावी. तिची जागा तेथे बांधलेलीच आहे.

देवळाच्या दगडाला आणि लाकडाला मात्र काहीही लावू नये. चिकट हूकही नको, कारण तो रंगाचा थर ओढून काढतो. तेथे वेळूची किंवा लोखंडी नळ्यांची स्वतंत्र कमान उभी करावी आणि रोषणाई तिच्या अंगावर ल्यावी. मंडपवाल्यांस हे काम नवे नाही. झाड असेल तर त्याच्या शेजारी वेळू रोवावा. झाडाला अंधाराची विश्रांती असू द्यावी. त्याच्यावर पाखरांची बिऱ्हाडे आहेत, आणि दिवाळी त्यांचीही आहे.

कोणी म्हणेल, खिळा पक्का धरतो, क्लिप निसटते. निसटू द्या! क्लिप निसटली तर माळ लोंबेल आणि उद्या पुन्हा अडकविता येईल. खिळा तारेत शिरला तर ‘उद्या’च उरेल असे नाही. कोणी म्हणेल, इतका वेळ कोणास आहे? मंडळाची पोरे दुपारी शिडीवर चढतात, संध्याकाळी आरतीआधी रोषणाई हवी असते. त्या पोरांविषयीच आम्हांस अधिक काळजी वाटते. एका हाताने हातोडी, दुसऱ्या हाताने खिळा आणि दातांत माळ धरून शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. क्लिपेला हातोडी लागत नाही. एक हात शिडी धरण्यास मोकळा राहतो. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी निदान तेवढ्यासाठी तरी क्लिपांचे पाकीट आणून द्यावे, माळ जोडण्याआधी प्लग काढलेला आहे हे स्वतः पाहावे आणि शिडी खालून धरावी. वडीलकीचा अर्थ तोच.

या विषयाला आणखी एक अंग आहे आणि ते आमच्या मते सर्वांत मोलाचे. आपल्या पूजाविधीत आवाहन आहे तसे विसर्जनही आहे. गणपती बसविताना आपण त्याला बोलावितो आणि उत्तरपूजा करून त्याला निरोप देतो. निरोपावाचून पूजा पुरी होत नाही. लग्नात उपरण्याची गाठ बांधतात आणि विधी संपला की ती सोडतात. सणाचा दिवाही सणापुरता यावा आणि मानाने जावा. परंतु खिळ्याने लावलेली माळ काढणे हे कष्टाचे काम असते, म्हणून ती काढलीच जात नाही. मार्गशीर्ष जातो, होळी जाते, उन्हाने तारेची साल तडकते, पावसात तिच्यात पाणी शिरते आणि पुढच्या दिवाळीला तीच जुनी माळ ‘अजून चालते आहे’ म्हणून पेटविली जाते. पुष्कळशा अपघातांचे बीज येथे पेरले जाते. क्लिपेचा खरा गुण तिच्या धरण्यात नाही, तिच्या सोडण्यात आहे. तुळशीचे लग्न लागले, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे झाले, की माळा उतरवाव्यात. तार बोटांतून फिरवून कोठे खरचटली आहे का पाहावे. खरचटलेली बाद करावी. चांगली पुठ्ठ्यावर गुंडाळून क्लिपांसह डब्यात ठेवावी. एवढी उत्तरपूजा केली की पुढचा सण निर्वेध आला समजावे.

देवस्थानांचे विश्वस्त आणि गृहसंस्थांचे पदाधिकारी यांनी याहून एक पाऊल पुढे टाकावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. दीपमाळ घडविणाऱ्या पाथरवटाने पणतीसाठी हात आधीच काढून ठेवले होते. आपणही इमारतीच्या रंगरंगोटीचे काम निघेल तेव्हा गच्चीच्या कडेला, नव्या बांधकामात, न गंजणाऱ्या पोलादाचे हूक एकदाच बसवून घ्यावेत. रोषणाईसाठी पावसापासून झाकलेला वेगळा प्लग आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरक्षक यंत्र असावे. नंतर कोणत्याही पिढीला हातोडी उचलण्याचे कारण पडणार नाही. एका सणाच्या हारतुऱ्यांवर जितका खर्च होतो, त्यात हे काम अनेक वर्षांपुरते होऊन जाते.

आज सायंकाळी माळ लावण्यास घराबाहेर पडाल तेव्हा हातोडी घरातच ठेवावी आणि चिमट्यांची टोपली बरोबर घ्यावी. ज्या भिंतीने, ज्या खांबाने आणि ज्या झाडाने आपला दिवा अंगावर वागविला, त्यास सण सरल्यावर ओरखडाही न उरो. ही दीपावली सर्व वाचकांच्या घरी सुखाची व निर्विघ्न होवो.